एरंडेलाची दुहेरी जाळी

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बीएस्सी झाल्यावर भिवंडीतच, गोंद आणि रेझिन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले होते, तो काळ.

घरात खाली आमचे कापड विणायचे चार लूम, वर आम्ही राहायचो. लूम चालू झाले की वरची लादी थरथरायची. आमच्या अंगवळणी पडलं होतं. वहिनी मात्र वडपे गावची, शेतातल्या घरातून आलेली. पोटुशी असताना हसून म्हणायची, "वन्सं, ह्या घरात पाळना हलवायला मानूस लागनार न्हाय." बाळंतपणाला ती माहेरी गेली, मुलगा झाला, आणि तिचे वडील तिला पाठवेनात.

"घर हाय का चक्की?" ते दादाला म्हणाले. "धक्के थांबव, मग पोरगी न् नातू घेऊन जा."

लूम थांबवायचे तर खायचं काय? बाजारातल्या रबराच्या गाद्या लूमच्या पायांखाली घालून पाहिल्या. थंडीत कडक, मे महिन्यात लिबलिबीत.

दोन पॉलिमरच्या जाळ्या एकीत एक वाढवल्या तर थंडी-उन्हाळा दोन्हींत कंपन शोषलं जातं, एवढं मी अभ्यासात वाचलं होतं. ती एक ओळ धरून सायबर कॅफेत पेटंट शोधायला बसले. वाचताना बाबांची मासेमारीची जाळी आठवली. खाडीवर दोन जाळी गुंतली तर बाबा बसून सोडवायचे. ह्या जाळ्या सुटणाऱ्या नव्हेत. एक जाळी आधी तयार होते, दुसरी तिच्याच भोकांतून वाढते. एकीची गाठ दुसरीला नाही, तरी फाडल्याशिवाय वेगळ्या होत नाहीत. प्रत्येक पेटंट आधीच्या पेटंटांचा हवाला देत होतं. मागे मागे जात मी ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या जमान्यात पोहोचले. तिथे एकाने कडक रेझिनमध्ये रबर मिसळून ठेवलं होतं. रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात हे तेव्हा कुणी मांडलंही नव्हतं. त्या माणसाने जे बनवलं त्याचं नाव जगात नव्हतं, आणि कृती मात्र लिहून ठेवलेली.

मला हवं ते पेटंट एरंडेलाचं निघालं. एरंडेलाची रबरी जाळी, तिच्यात ऍक्रिलिकची. मुदत कधीच संपलेली, म्हणजे कुणीही बनवावं. त्यात लिहिलं होतं की या विषयातल्या जाणकाराला एवढ्यावरून हे करता येईल. ते वाक्य मी पुन्हा वाचलं. कुठला कोण तो लिहिणारा, त्याने मला जाणकारांत धरलं होतं. आता धरलंय तर करून दाखवायला हवं.

कारखान्याच्या मालकाने सुट्टीच्या दिवशी लॅब वापरू दिली. पहिली गादी पावासारखी फुगली. बाबांनी ती दाबून पाहिली.

"बाय, पोट साफ करायचा तेल त्यो. लूमला काय जुलाब देतेस?"

परत पेटंट उघडलं. तेल आधी तापवून त्यातला ओलावा काढा, नाहीतर गॅस होऊन मिश्रण फुगतं, असं स्वच्छ लिहिलेलं. भिवंडीच्या पावसाळ्यात तर तेल ओलं असणारच. पुढची खेप भरीव, पिवळसर, पारदर्शक उतरली. दोन जाळ्या तिच्यात होत्या आणि डोळ्याला एकही दिसत नव्हती. मी ती उजेडाला धरून किती वेळ उभी होते, कोण जाणे.

सगळ्या लूमच्या पायांखाली गाद्या गेल्या. वहिनीचे वडील स्वतः बघायला आले. मी पाणी दिलं. त्यांनी पेला लादीवर ठेवला आणि त्यात बघत बसले. पाणी अगदी स्थिर नव्हतं, पण पूर्वी उठायचे तसे तरंग उठत नव्हते.

"आवाज तं येतंय," ते म्हणाले.

"आवाज येणार, मामा. धक्का येतोय का ते सांगा."

त्यांनी टोपी काढून उशाला घेतली आणि पाळणा टांगायच्या कडीखाली लादीवरच आडवे झाले. आम्ही वाट बघत राहिलो. खाली चारही लूम खडखडत होते आणि वर मामा घोरायला लागले.

दादाने हळूच दार लोटलं. "उठवू नको," म्हणाला, आणि वडप्याला निघण्यासाठी शर्ट बदलू लागला.