झेन्काची अवेळची कोल्यादा

नाताळच्या दिवशी आमच्या ह्राबोव्यात कुणी फाटक लावून घेत नाही. कोल्यादा, म्हणजे नाताळची गाणी, म्हणणारे येतात, अंगणात उभे राहतात, घरधन्याचं नाव गाण्यात ओवतात आणि त्या नावाला वर्षभराची बरकत मिळते. आमचा शेजारी फेदोर, ज्यानं सख्ख्या भावाला पोरीच्या लग्नात बोलावलं नाही, तोसुद्धा त्या दिवशी फाटक उघडून, बाटली बगलेत धरून उभा असतो. माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांत गावाची फाटकं बंद झालेली मी एकदाच पाहिली. ती झेन्कासाठी बंद झाली. मी तिच्या शेजारूनच चालत होतो.

झेनोविया हे तिचं कागदावरचं नाव. सामुदायिक गोठ्यात धारा काढणाऱ्या तेक्लाची ही पोर. त्या काळी शाळेत देवाचं गाणं म्हणायला बंदी होती, आणि ही तिसरीत असताना भर गणिताच्या तासाला कोल्यादा गुणगुणू लागली. मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं. आता आमच्या शाळेचा व्हरांडा म्हणजे आडवी विहीर, आवाज सोडला की चौपट होऊन परत येतो. पोरीला वाटलं, आपल्याला गायलाच बाहेर पाठवलंय. अख्खी कोल्यादा सगळ्या शाळेनं ऐकली, हेडमास्तरांसकट. तेक्लाला बोलावणं गेलं. ती येताना लोण्याचा गोळा घेऊन आली.

"पोर अजाण आहे साहेब. कुठलं गाणं कशाचं, तिला काय कळतंय."

हेडमास्तर लोणी कपाटात ठेवत म्हणाले, "कळत नाही तेच बरं. हिला ट्रॅक्टरवरचं गाणं शिकवा."

शिकवलं. ट्रॅक्टरचं गाणंही तिनं असं म्हटलं की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मी त्सिंबाली वाजवतो. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, हातात दोन काठ्या, गळ्यात पट्टा, आणि समोर कुणाचं तरी लग्न, असं माझं आयुष्य गेलं. पंधराव्या वर्षापासून झेन्का माझ्याबरोबर लग्नांत गायली. मला ओनुफ्रीमामा म्हणायची, आणि माझी काठी चुकली की गाता गाता एक भुवई वर करायची. ती भुवई मी अजून विसरलेलो नाही. बायकोच्या शिव्या विसरलो.

पुढे ती शहरात गेली. आमचा देश स्वतंत्र झाला त्या वर्षी तिची 'कुंपणापलीकडची चेरी' कॅसेटवर निघाली आणि आमच्या सगळ्या बसगाड्यांमध्ये वाजू लागली. ड्रायव्हरच्या काचेवर एका बाजूला संत मिकोलाय, दुसऱ्या बाजूला झेन्का. एक ड्रायव्हर तर वळणावर दोघांच्याही पाया पडायचा. जिथे सभा तिथे ती असायची. खाणकामगारांचे पगार थकले, झेन्का त्यांच्या पायरीवर गायली. आपल्या भाषेतली शाळा बंद पडली, झेन्का दारात गायली. पैसे देणारे तिला म्हणायचे, बाई, नुसत्या प्रेमाच्या गाण्यांवर राहा. ती हसायची आणि पुढची बस पकडायची.

मग तो हिवाळा आला. मतं चोरली म्हणून सगळा देश कीवच्या चौकात जाऊन उभा राहिला. तिचा फोन आला.

"मामा, त्सिंबाली घेऊन या."

"पोरी, थंडीत तारा उतरतील."

"इथे माणसं गारठलीत, तुमचं तारांचं काय!"

सतरा दिवस ती उघड्या मंचावर गायली, दिवसातून तीनदा. मी हातमोजे घालून वाजवत होतो, म्हणजे एक सूर मारायला गेलो की तीन वाजायचे. दहाव्या दिवशी तिचे वरचे सूर गेले. तंबूतल्या डॉक्टरनं घशात पाहिलं, म्हणाला, "महिनाभर तोंड मिटून बसा, नाहीतर हे परत यायचे नाहीत."

"महिन्यानं चौक रिकामा झालेला असेल," ती म्हणाली आणि गरम पाणी पिऊन मंचावर चढली.

ते सूर परत आले नाहीत. ज्यांच्यासाठी ती उभी राहिली ते चौकातून उठून खुर्च्यांवर जाऊन बसले. तिला काचेच्या चौकटीत मानपत्र मिळालं. खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी गाण्याच्या शाळा काढायचं तिला वचन दिलं होतं, म्हणून ती कचेरीत गेली. मी बरोबर होतो. सकाळी नऊपासून बाकावर. चार वाजता साहेबांच्या कारकून बाईनं विचारलं, "आपण कोण?" तेवढ्यात त्या बाईचाच फोन वाजला. फोनमध्ये 'कुंपणापलीकडची चेरी'. बाईनं तो बंद केला आणि पुन्हा विचारलं, "हं, कोण म्हणालात?"

मी आजवर हा किस्सा शंभर वेळा सांगितला असेल. लोक पोट धरून हसतात. झेन्का त्या दिवशी स्टेशनपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत गेली होती, मागे न बघता.

रेडिओनं तिला जुनी ठरवलं आणि ती गावी परतली, आमच्या सभागृहाची सांभाळणारी म्हणून. अकरा पोरांचा गायकवृंद उभा केला. छत असं गळायचं की दोन पोरांमध्ये एक बादली. ती म्हणायची, "बादलीकडे बघू नका, ती तालात आहे."

त्याच वर्षी लाकूडगिरणीवाला ह्नातिशाक गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभा राहिला. सभागृहावर पत्र्याचं नवं छत घालून देतो म्हणाला. त्याची मागणी एवढीच की ऑक्टोबरात चर्चसमोरच्या सभेत झेन्कानं गावं. काय गावं, तेही त्यानंच सांगितलं. तो गावचा होता, त्याला पक्कं ठाऊक होतं काय मागायचं ते.

कोल्यादा अवेळी म्हणू नये हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. आणि ती थेट देवाच्या कानी जाते, म्हणून तिच्यात कुणाचं नाव घालायचं हे तर त्याहून जपून. मी तिला म्हणालो, "पोरी, नाताळ अजून लांब आहे."

"छत बर्फाआधी पाहिजे मामा. अकरा पोरं खोकतायत. देवाला हिशेब कळतो."

"देवाला कळेल गं. गावाला कळेल का?"

तिनं भुवई वर केली. मी पट्टा गळ्यात घातला.

ती मंचावर उभी राहिली आणि फाटलेल्या आवाजात गायली, 'ह्राबोव्याच्या धन्या, ह्नातिशाका, ऊठ, तुझ्या अंगणात तीन पाहुणे आले.' म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण केली. बाप्यांनी टोप्या काढल्या. ज्याचं नाव कोल्यादेत आलं तो त्या अंगणाचा धनी, हे आमच्या हाडात मुरलेलं. आम्ही ह्नातिशाकाला निवडून दिलं असं म्हणतात ते काही खरं नाही. आमच्या लेखी तो त्याच दिवशी धनी झाला होता. मतं म्हणजे नुसता अंगठा. त्यानं आम्हा वादकांना हिरवे रबरी बूट दिले. चांगले बूट होते.

पत्रे आले. ट्रकभर आले, तीन आठवडे सभागृहासमोर पडून राहिले, त्यांच्यापुढे त्याचा फोटो निघाला आणि एका सकाळी ते पुन्हा ट्रकमध्ये चढून गिरणीवर गेले. त्यानंतर गावावरच्या डोंगराचं जंगल कापलं जाऊन गिरणीवर उतरू लागलं. आधी कडेचं, मग मधलं. दुसऱ्या उन्हाळ्यात चार दिवस पाऊस पडला आणि उघडा डोंगर चिखल होऊन नदीत आला. मोक्रिनाचा नवरा दानिलो वासरू सोडवायला सकाळी साकवावर गेला. वासरू आलं. साकव आणि दानिलो सापडले ते खालच्या गावात.

ह्नातिशाक तोवर शहरात घर बांधून राहिला होता. तिथवर जाऊन दगड मारायला कुणाला सवड? झेन्का मात्र इथेच होती, हाताशी. दुकानात ती शिरली की बायका पावाचा भाव विचारायच्या थांबायच्या. पोरांना गायला पाठवणं बंद झालं. मला कुणी काही बोललं नाही. शब्द तिचे होते, माझ्या फक्त तारा.

आमच्याकडे ज्या घरात वर्षात माणूस गेलं असेल तिथे कोल्यादावाले आधी परवानगी विचारतात आणि मेलेल्याचं नाव घालून वेगळी कोल्यादा म्हणतात. ती झाली नाही तर त्याला वर देवाघरच्या नाताळात बसायला जागा मिळत नाही. झेन्का मला डिसेंबरात भेटायला आली. बसली नाही.

"मामा, दानिलोची कोल्यादा मला म्हणायचीय. एवढी एक म्हणू द्या मला. मग पुन्हा गायला तोंड उघडणार नाही."

नाताळची प्रार्थना आटोपून भर दुपारी आम्ही सात जण निघालो. पहिलंच फाटक फेदोरचं. तारेनं बांधलेलं. पडदा हलला.

"फेदोर, अरे आम्ही आलोय," मी ओरडलो.

आतून आवाज आला, "घरात कुणी नाही."

"मग बोलतंय कोण?"

"कुत्रं."

आमच्यातला ढोलकवाला हसला. दुसऱ्या फाटकावर तो हसला नाही. दहाव्याला दोघं म्हणाले पाय गारठले, आणि घरी गेले. एकतीस फाटकं मी मोजली. काही घरांनी भरदुपारी खिडक्यांच्या फळ्या लावल्या होत्या. झेन्का प्रत्येक फाटकासमोर तितकाच वेळ उभी राहायची, एक कडवं होईल इतका, आणि मग पुढे चालायची.

शेवटचं घर मोक्रिनाचं. तिथे फाटक नव्हतं. पुरानं नेलं होतं, दोन खांब तेवढे उभे होते. मोक्रिना ओसरीवर आली, काळा रुमाल बांधलेली.

मी विचारलं, "मोक्रिना, म्हणू का तुझ्या घरची कोल्यादा?"

"तुम्ही म्हणा, ओनुफ्रीमामा. तिला खांबांच्या बाहेर उभं राहू दे."

झेन्का म्हणाली, "मोक्रिना, ताई गं, मी फक्त..."

"ज्या तोंडातून त्याचं नाव निघालं, त्या तोंडातून माझ्या माणसाचं नाव नको."

मोक्रिनानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. पायात ते हिरवे बूट होते.

मी तेव्हा मागे फिरायला हवं होतं. फिरलो नाही. झेन्का बाहेर गेली, आणि मी गाऊ लागलो. माझा गळा म्हणजे न वंगणलेलं चाक. उभ्या जन्मात मी वाजवलं, गायलो कधी नाही. दोन कडवी रेटली. तिसरं, जिथे मेलेल्याचं नाव येतं, ते आठवेना. काठ्या तारांवरच थांबल्या. मोक्रिना वाट पाहत उभी.

तेव्हा खांबांच्या बाहेरून झेन्का बोलली. गायली नाही, शाळेत कविता म्हणतात तशी सपाट बोलली. 'टेबलाच्या टोकाशी जागा करा, बर्फातून चालत आलाय आमचा...' आणि थांबली. नावाची जागा तिनं रिकामी सोडली.

"दानिलो," मी म्हटलं.

पुढची ओळ तिनं बोलायची, मी ओढायची, असं करत ती कोल्यादा संपली. मोक्रिनानं मला पाव आणि मध दिला. झेन्का तोवर निघून गेली होती.

पुढच्या हिवाळ्यात देश पुन्हा चौकात उभा राहिला. झेन्का पहिल्याच बसनं गेली. मोक्रिनाकडे तेव्हा नवा टीव्ही आला होता, म्हणून संध्याकाळी आम्ही चार-पाच म्हातारे तिथे जमायचो. एकदा मंचाच्या मागे, मोठ्या पातेल्यापाशी ती दिसली. डोक्याला रुमाल, हातात पळी, वाट्या भरत होती. मंचावर कुणी दुसरीच पोर गात होती, बरं गात होती.

"ती बघा झेन्का," फेदोर म्हणाला.

मोक्रिना खुर्ची पुढे ओढून बसली. "गात का नाही ती?"

फेदोर बुटांकडे पाहू लागला. मीही.

पुढचे दोन महिने मोक्रिना रोज टीव्ही लावायची. म्हणायची, बसा मामा, आज गाईल बहुतेक.