आतोबांचा खाकी उंट

एकोणीसशे पंचावन्न साल. मी बावीस वर्षांचा आणि माझी मिशी तिशीच्या माणसाची. पण सांगायचं आहे ते मिशीचं नाही, आमच्या आतोबांचं. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. तेव्हा पिंपरीला कारखाने नुकते कुठं उभे राहत होते आणि चिंचवड सोडलं की चाकणापर्यंत सगळी ज्वारी नाहीतर मोकळा माळ. तर त्या सगळ्या मुलखात कोऱ्या कागदानं ज्याच्या समोर यायला भ्यावं असा माणूस एकच होता, तो म्हणजे आतोबा. त्यांच्या हाताला लागलेला कागद पुन्हा सपाट झालेला कुणी पाहिला असेल तर त्यानं पुढं यावं. मी वाट बघतो आहे.

ते एका नव्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते, मीही तिथंच. माल गुंडाळायचा जाड खाकी कागद, त्याचे फाटके तुकडे घरी न्यायला परवानगी होती. बाकीचे लोक ते चुलीत घालत. आतोबांच्या सदऱ्याचे खिसे त्या तुकड्यांनी असे फुगलेले असत की लांबून माणूस जाडा वाटायचा, जवळ आला की वाळायचा. घरी आले की पाय धुवायच्या आधी घड्या सुरू. कोंबडा, कासव, बदक, हत्ती. आत्या बिचारी काय करणार, तिनं त्या जनावरांच्या पोटात मसाले भरायला सुरुवात केली. आत्याच्या घरी पाहुणी म्हणून गेलेली बाई स्वयंपाकाला बसली की आत्या ओसरीवरून ओरडून सांगायची, जिरं कासवात आहे, हळद कोंबड्यात आहे, हिंगाला हात लावू नको, बदक फाटलंय. नवख्या बाईला वाटायचं, हिच्या अंगात देवी आली असावी.

पण नुसतं करून दिलं असतं तर काही तक्रार नव्हती. आतोबा ते जनावर तुमच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "पुढं?" आता पुढं काय? तुम्ही म्हणालात की बेडूक आहे, छान आहे, तर त्यांचं तोंड उतरायचं. म्हणायचे, बेडूक तर मी दिलाच की, तू काय देणार? मग ते गोष्टीचा धागा काढून द्यायचे. हा बेडूक निघालाय कुठं? घरी भांडून आलाय का? आमचा मुकादम म्हणजे माणूस असा की त्याच्या बापानंही त्याला हसताना पाहिलं नसेल. तो एकदा कामाच्या वेळी घड्या घालतात म्हणून आतोबांना झापायला आला. आतोबांनी त्याच्या तळहातावर बेडूक ठेवला आणि नम्रपणे विचारलं, साहेब, हा आज कामावर उशिरा का आला असंल? मुकादमानं बेडकाकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बायको माहेरी गेली असंल त्याची." आणि झापायचं विसरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी येऊन त्यानं आतोबांना सांगितलं की बेडकाची बायको परत आली, पण त्याच्या सासूला घेऊन आली.

आतोबा स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. मी चौथीपर्यंत. मी शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं असं काही लोक सांगतात, ते खोटं आहे. तर दर शनिवारी आतोबा मारुतीच्या देवळासमोरच्या कडुलिंबाला बाभळीच्या काट्यानं एक कागद टोचत. त्यावर कोळशानं एकच अर्धी ओळ, काना-मात्रा जिथं जागा मिळेल तिथं. "काल विहिरीत चंद्र पडला आणि" एवढंच. खाली कोळसा ठेवलेला. ज्याला येतं त्यानं लिहावं, ज्याला येत नाही त्यानं येणाऱ्याकडून लिहवून घ्यावं. संध्याकाळपर्यंत कागद भरलेला असे. एकानं लिहिलेलं, पोलीस पाटलानं पंचनामा केला. दुसऱ्यानं लिहिलेलं, चंद्र म्हणाला, मला पोहता येतं, तुमी घरी जा. अंगठा उठवणारी माणसं एकमेकांना ढकलून पुढं होत आणि सांगत, माझं लिव्ह, माझं लिव्ह. शाळा सोडल्यावर मी पहिली ओळ लिहिली ती त्या लिंबाखाली. काय लिहिली ते विचारू नका, तिच्यात म्हैस होती.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी चाकणची, नाव इंदू, शिक्षण सातवी पास. आमच्याकडं नवरा-नवरी घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. म्हणजे उखाणा आला. मी कारखान्यातल्या सगळ्यांच्या लग्नात जाऊन त्यांच्या उखाण्यांना नावं ठेवलेली. तेच चांदीचं ताट, तीच सोन्याची वाटी. घरात जर्मनचं भांडं धड नाही आणि उखाण्यात सोनं. फिटर गफूर म्हणाला, "तू मोठा शहाणा ना बबन, तू काय करणार?" मी म्हणालो, कुणी ऐकला नाही असा स्वतःचा करीन, नाहीतर मिशी काढीन. तोंडातून गेलं ते गेलं. खात्यातली सगळी माणसं साक्षीला. चाकणपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिकडून निरोप आला की सातवी पास मुलगी कान देऊन ऐकणार आहे.

मला दोन दिवसांत कळलं की आपल्याच्यानं हे होत नाही. ते कुणाला सांगायचा माझा स्वभाव नाही. आतोबांनी न सांगता ओळखलं आणि रविवारी मला ओसरीवर बसवलं. मी म्हणालो, "आतोबा, कागदाचे खेळ पोरासोरांचे. मला उखाणा पायजे."

"उखाणा मी कुठनं देऊ? मी कागद देतो. काय दिसतं ते बोल."

त्यांनी विमान दिलं. मी म्हणालो, कागदाचं विमान उडालं, पडलं जाऊन ताकात, इंदूचं नाव घेतो, दम नाही नाकात. आत्या आतून म्हणाली, हे म्हणशील तर पोरगी दारातूनच परत जाईल. मग कावळा दिला, मासा दिला, सगळ्यांचं ताकच झालं. शेवटी आतोबांनी खाकी कागदाचा उंट केला, पाठीवर इवलीशी परात ठेवली, आणि माझं डोकं एकदम उघडलं. "खाकी कागदाचा उंट, त्याच्या पाठीवर परात, इंदूचं नाव घेतो, उंट शिरला घरात." आतोबा उठले आणि आत्याकडून माझ्यासाठी गूळ घेऊन आले. मी तो उंट आठवणीला म्हणून लग्नाच्या कोटाच्या खिशात ठेवला.

लग्न लागलं. चाकणहून वरात निघाली ती कांद्याच्या ट्रकातून. दिवेलागणीला आम्ही चिंचवडात आमच्या दाराशी आलो. धाकटी बहीण हौसा उंबऱ्यात तांब्या घेऊन आडवी उभी. मागं अख्खी आळी, पॅकिंग खातं, आणि गफूर माझ्या मिशीकडं बघत. हौसा म्हणाली, "दादा, नाव घे. न्हाईतर निजा कांद्यात." मी तोंड उघडलं. पाठ केलेला उखाणा पार उडालेला. म्हणून खिशातला उंट काढला, तर ट्रकात त्याच्यावर कुणी कुणी रेललं होतं देव जाणे. परात गेलेली, मान वाकडी, पाय पोटात. हातावर नुसता चुरगळा. कुणी म्हणालं, बेडूक हाय. कुणी म्हणालं, मोडकी छत्री हाय. गफूरनं हळूच मिशीवरून बोट फिरवलं, स्वतःच्या. घाम माझ्या मुंडावळ्यांतून गळत होता.

तेवढ्यात शेजारून, खाली मान घातलेलीच, इंदू बोलली. "उंट हाय की. बसलाय. चाकणपासनं आलाय, तहानला असंल."

मी पुन्हा हाताकडं पाहिलं. खरंच बसला होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दारात बसला उंट, त्याला लागली तहान…" आणि तिथंच ओळ संपली. गर्दीतून आतोबांचा आवाज आला, "पुढं?"

इंदूनं हौसाच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बबनरावांच्या उंटाला, वन्सं, तांब्या पडंल लहान."

मुकादम हसला. आळीतल्या लोकांना त्याचंच जास्त नवल वाटलं. हसून हसून हौसाचा तांब्या कलंडला, आम्ही माप ओलांडून आत गेलो. आतोबा बाहेर देवळाच्या लिंबाकडं तोंड करून उभे होते, उपरण्यानं डोळे पुसत.

आतोबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. हल्ली नातवंडांनी मागवलेल्या सामानाची खोकी रोज दाराशी येतात, सगळी खाकी. मंडळी ती फाडतात आणि टाकून देतात. आतोबा असते तर आमच्या सोसायटीच्या जिन्यात उंटांचा तांडा उभा राहिला असता, आणि लिफ्टमधून येणाऱ्या-जाणाऱ्याला जागेवर धरून त्यांनी विचारलं असतं. आता मला पुढं काय असं कुणी विचारत नाही. या वयात विचारायला लोक बिचकत असतील.

तर त्या रात्री गफूर म्हणालाच होता, जाऊ दे बबन, वहिनीनं सांभाळून घेतलं. पण अर्धी ओळ माझी, अर्धी तिची. मी बोललो होतो स्वतःचा करीन. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, कुणी मागायला यायच्या आत, मी न्हाव्याला उठवलं आणि मिशी काढून आलो. वाटेत आतोबा उभेच होते. त्यांनी खिशातून खाकी कागदाची ऐटदार मिशी काढून माझ्या हातावर ठेवली. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. मी ती ओठावर धरून घरी आलो, तर इंदू उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभी. "कोण पायजे?" म्हणाली. "आमच्या घरात असला माणूस न्हाई. नाव घ्या, मग आत या." आळी अजून झोपेत होती, ऐकायला कुणी नव्हतं. मी कागदी मिशी धरल्या हातानं नाव घेतलं. उखाणा काय होता ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण दोन्ही ओळी माझ्या होत्या.