हलका लावू का भारी?

आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही. करडीजवळच्या खेड्यातला, भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॅन्सरवर मी लिहावं, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. पण नागपूरच्या एखाद्या दवाखान्यात माझ्यासारखाच कोणी बाकावर बसून मोबाईलवर 'पेशंट किती वर्षं जगतो' हे शोधत असेल, म्हणून लिहितो.

"स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाबांच्या गळ्यात काविळीची माळ होती. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. माळ लांबली, पण डोळे पिवळेच राहिले.

ऑपरेशनचं नाव व्हिपल. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढतात आणि उरलेलं पुन्हा जोडतात. बाबा त्यातून निभावले. मग बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहणं आलं. तो आला तेव्हा आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो आणि मी तो वाचून सांगू लागलो.

मार्जिन, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडा, स्वच्छ होत्या. आईने हात जोडले. पण काही लिम्फ नोडमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या बारीक गाठींमध्ये, कॅन्सर पोचला होता. हे आईला कसं सांगावं, मला कळेना.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "साहेब, औंदा हलका लावू का भारी?"

डॉक्टरांना समजलं नाही. मी सांगितलं, हलका धान दिवाळीच्या आधी हाती येतो, भारी धानासाठी त्याच्याही पुढे थांबावं लागतं.

आई चिडली. "पोटात चार घास राहून नाही राहिले, अन् याइले धानाचं पडलं!"

"धानाचं नाही व. मी किती दिस हावो, ते विचारून राहिलो."

डॉक्टर म्हणाले, "कडा स्वच्छ आहेत, ही चांगली बाजू. गाठींत आजार होता, ही वाईट. केमो पूर्ण झाली तर आशा वाढते. पण काका, हे अंदाज पुष्कळ पेशंट मिळून काढलेले असतात. त्यातले तुम्ही कोणते, ते मला सांगता येत नाही."

"मंग भारीच लावतो," बाबा म्हणाले. "तुमालेच मालूम नाही, तं मी काहून घाई करू?"

केमोत बाबांची नखं काळी पडली. जेवणासोबत एन्झाइमच्या गोळ्या लागत, म्हणजे अन्न पचवणारा रस बाहेरून द्यावा लागे. त्या चुकल्या की खाल्लेलं अंगी लागत नसे. रोवणीला बाबा चिखलात उतरू शकले नाहीत. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खाट टाकून बसले आणि रोपं लावणाऱ्या बायांच्या रांगा वाकड्या जातात म्हणून ओरडत राहिले. बायाही म्हणायच्या, "खाटेवरून सोपं वाटते, भाऊ!"

आकडे शोधू नका, असं मी म्हणणार नाही. मी अजूनही शोधतो. एवढंच सांगतो, डॉक्टरांना विचारताना पेशंटला बाहेर बसवू नका. घरात आम्ही सगळे कुजबुजत होतो. सरळ विचारलं ते एकट्या बाबांनी.

भारी धान घरी आला. त्यानंतर सीए नाईन्टीन-नाईन ही रक्ताची तपासणी केली. हा आकडा चढला तर आजार परतल्याची शंका घेतात. तो चढला होता. स्कॅन झाला. निकाल ऐकायला मी बाबांना सोबत घेऊन आत गेलो.

"काका," डॉक्टर म्हणाले, "आजार यकृतात आला आहे. आता ऑपरेशन होणार नाही."