डॉक्टर काय म्हणाले ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे बोलताना माझे ओठ हलतात, आणि आमच्या घरात कुणी ना कुणी बघत असतंच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

माझी थोरली मुलगी मंदा. आम्ही तेव्हा अंबडकडे साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. नवरा उसाच्या वजनकाट्यावर होता. मंदा नववीत होती आणि तिचा पाय एका जागी ठरायचा नाही. गणित अर्धं टाकून खिडकीशी जायची. दप्तर शाळेत विसरायची, चप्पल मैत्रिणीकडे. विचारलं तर सगळं यायचं, पेपरात मात्र निम्मे प्रश्न कोरे. मी टापटिपीची बाई — माझ्या डब्यांच्या झाकणांवर कधी धूळ दिसायची नाही. अशी पोर माझ्याच पोटी यावी? मला तिचा राग यायचा. राग कसला — आता तरी खरं बोलू — लाज वाटायची.

तिच्या बाजूनं एकटे तिचे वडील. "मुद्दाम करून न्हाई राह्यली ती. औरंगाबादला दाखवून आण एकदा," असं तेच म्हणाले. गाळपाचा हंगाम होता, त्यांना सुटी नव्हती. मीच तिला घेऊन गेले.

डॉक्टरांनी तिला तपासलं, मग बाहेर बाकावर बसवलं आणि मला समजावून सांगितलं. पोरगी हुशार आहे. आळशी नाही, खोडसाळ तर नाहीच. तिच्या मेंदूची ठेवणच अशी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. मारू नका. हिंडत-फिरत पाठ करू द्या, थोडं थोडं करू द्या, शाळेतल्या बाईंच्या कानावर घाला. इतकं सरळ होतं ते.

पण माझ्या कानात राहिला एकच शब्द — मेंदू. वसाहतीत भिंतीला भिंत लागून घरं. आज शाळेत सांगितलं की उद्या नळावर चर्चा, आणि मग तिला बघायला कोण येणार? तिच्या मागच्या धाकटीला कोण करून घेणार? येताना बसमध्ये मंदानं विचारलं, "आई, काय म्हणले डॉक्टर?"

मी म्हणाले, "काय म्हणणार? काही न्हाई झालेलं. निव्वळ आळस हाये म्हणले."

घरी तिच्या वडिलांनाही तेच सांगितलं. आणि त्यांनी — हेच मला सगळ्यात जास्त लागतं — त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्यानंतर ते तिच्या बाजूनं एकदाही बोलले नाहीत. सुटीच्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला की तिला पुस्तकं देऊन मधल्या खोलीत बसवायचं, बाहेरून कडी लावायची, पुढचा भोंगा होईपर्यंत काढायची नाही, ही शिस्त त्यांची. कडी लावणारे हात माझे. आतून तिच्या चालण्याचा आवाज यायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि सोबत पुटपुटणं. पाठच करत होती ती. मला कळत नव्हतं का? मी दारावर थाप मारून म्हणायचे, "खाली बस." आवाज बंद व्हायचा.

एक वाक्य बोलले असते तर ती कडी निघाली असती. रोज ठरवायचे, आज सांगते. पण मग इतके दिवस का लपवलंस, याला काय उत्तर देणार होते? दिवस जात गेले तसं ते वाक्य तोंडातून निघेनासंच झालं. मंदाला नर्स व्हायचं होतं. ती दहावीला नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. तिचे वडील गेले ते आपली पोर कामचुकार निघाली असं मानूनच गेले.

लग्न मात्र झालं. जालन्यात, मस्तगडला दिली. तिचा ओंकार आता नववीत आहे — तोच पाय, तेच कोरे प्रश्न. पण मंदा पुस्तक हातात धरून त्याच्या मागे घरभर फिरते. तो चालत चालत पाठ करतो, ती चालत चालत विचारते. शाळेत सरांशी वाद घालून त्याला पुढच्या बाकावर बसवून आली. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

मध्यंतरी त्याला औरंगाबादला दाखवलं. मीही गेले होते सोबत. नव्या डॉक्टरांनी त्याला एडीएचडी, म्हणजे तेच लक्ष एका जागी न टिकणं, असल्याचं सांगितलं आणि विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का?

मंदानं माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," मी म्हणाले. "कुणालाच न्हाई."

मंदा हसली. डॉक्टरांना म्हणाली, "माझं बी ध्यान न्हाई लागायचं शाळंत. पण माझी गोष्ट येगळी. मला आईनं दाखवलं होतं तव्हा, डॉक्टर म्हणले, निव्वळ आळस हाये. हा तसा न्हाई, डॉक्टर. हा मुद्दाम न्हाई करत."

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला, जपून उतर म्हणाली. मी जपून उतरले.