आमची बाई बर्लिनला होती तेव्हा

"आमची बाई इथंच राहायची, बरं का!" असं म्हणून काकू हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि भर रस्त्यात गोष्ट सुरू करायच्या. नवख्याला वाटे, एखाद्या कामवालीबद्दल बोलताहेत. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

ही बाई म्हणजे अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका राष्ट्राध्यक्षांची बायको. नवरा राष्ट्राध्यक्ष व्हायच्या पुष्कळ आधी बर्लिनला राजदूत म्हणून आला आणि ही नवी नवरी त्याच्याबरोबर परक्या मुलखात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूही लग्न करून पुण्याहून तशाच आलेल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करताना त्यांना ही बाई पुस्तकात भेटली, ती कायमचीच.

"इथल्या राणीनं तिला गालांना लावायला लाली दिली," काकू सांगायच्या. "नवऱ्यानं टॉवेलनं पुसून काढली. पुन्हा एकदा तिनं लावली आणि पुसू दिली नाही, तर हा तिला मागे सोडून एकटाच मेजवानीला गेला!"

"मी कधी तुझं काही पुसलंय का?" काका पेपरातून डोकं वर काढत.

"गेनाऊ, अगदी बरोबर! पुसलं नाहीत, आणि विचारलंही नाहीत."

इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. फोनवर सगळे म्हणत, "होईल गं पुन्हा." काकू मऊ भात घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"आमच्या बाईचीही इथं अशीच गेली. एकामागून एक."

"मग झालं का तिला मूल?"

"झालं. इथंच मुलगा झाला. पण ते सांगायला मी आले नाहीये." बराच वेळ त्या माझे पाय चेपत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझीही दोन गेली. पुढे काही झालं नाही. चल, दोन घास खाऊन घे."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. नंतर एका दुपारी काका खाली आले. एरवी कधी कुणाकडे न जाणारा माणूस. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले.

"ती तुझ्याकडे बसून काय बोलायची गं?"

मी बाईच्या गोष्टी सांगितल्या. मग त्या दोन बाळांचंही सांगितलं.

"तुला सांगितलं तिनं?" काका हातातली लोकरीची टोपी नुसती फिरवत राहिले. "मला वाटायचं, ती विसरलीय. उगाच आठवण नको, म्हणून मी कधी विषयच काढला नाही."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले. काका बोलू लागले.