माहबानू आणि डोहातले न्यूट

लुरिस्तानच्या डोंगरात माहबानू एकटीच राहायची. नवरा गेला, मुलं शहरात गेली, मग सगळी वस्तीच उठून गेली. सोबतीला उरल्या शेळ्या आणि झऱ्याच्या डोहातले न्यूट. दिसायला पालीसारखे, पण नातं बेडकांशी. काळ्या-पांढऱ्या अंगावर शेपटीपर्यंत केशरी पट्टा. या डोंगरांबाहेर ते कुठंच सापडत नव्हते.

त्या वसंतात एक अनोळखी तरुण आला. माहबानूनं त्याला चहा दिला, गरम भाकरी केली.

"आई, अशी भाकरी मिळाली तर मी इथंच मुक्काम ठोकेन!"

"ठोक की! पण शेळ्या राखाव्या लागतील."

कित्येक महिन्यांनी ती खळखळून हसली.

तो निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीतल्या बाटल्यांत तिला केशरी पट्टे वळवळताना दिसले.

"हे कुठं नेतोस?"

"शहरात हौशी लोक काचेच्या पेटीत पाळतात. तुमचं काय जातंय?"

"माझ्यापाशी दुसरं आहेच काय, बाळा?"

तिनं बाटल्या हिसकावून डोहात रित्या केल्या. तो शिव्या घालत उतारावरून दिसेनासा झाला. माहबानू काठावर बसून राहिली. न्यूट दगडांखाली दडले होते. आता तिची नुसती सावली पडली तरी ते आणखी आत सरकत होते.