धुतलेला ड्रॅगन

समजा, तुमच्यासमोर चांदीचं एक नाणं ठेवलंय. एका बाजूला ढगांत वळसे घेणारा ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं, चीनच्या शेवटच्या बादशाहीतलं. खरं की नकली, ते तुम्ही सांगायचंय. आधी वजन करा, सत्तावीस ग्रॅमच्या आसपास हवं. मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा वजन घ्या, म्हणजे घनता कळते. मग भिंगातून ड्रॅगनचा एकेक खवला बघा. एक मात्र करायचं नाही. घासायचं नाही. तो काळपट थर म्हणजेच त्याचं वय.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या नीलांबरीने हे काम एका नाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये सहा वर्षं केलं. ती नागपूरची मेटलर्जी इंजिनिअर, नवऱ्याच्या, परीक्षितच्या व्हिसावर आलेली. मार्चमध्ये तिचं वर्क परमिट संपलं, नवं आलेलंच नाही. तोवर कमाईचं काहीही केलं तर केस कायमची बिघडेल, असं वकिलाने बजावलंय. लॅबने जागा डिसेंबरपर्यंतच राखून ठेवलीय. ती रोज केसचं स्टेटस बघते, डिशवॉशर रिकामा करते, पुन्हा स्टेटस बघते.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या लिन आजी रुमालात बांधून आपल्या आजोबांचं नाणं घेऊन आल्या.

"खरं आहे का, एवढंच सांग. नातवाला द्यायचंय."

त्या गेल्यावर नीलांबरी काटा आणायला बेसमेंटमध्ये उतरली. वर आली तर सासूबाई सिंकपाशी, हातात चिंच.

"आई! काय केलंत हे?"

"अगं, आज लक्ष्मीपूजन. चांदी अशी काळीकुट्ट ठेवतात का पूजेत?"

"ते आपलं नाहीये!"

"मग तर घासूनच द्यायला हवं."

नाणं लखलखत होतं. तिने वजन केलं, पाण्यात सोडलं, भिंग लावलं. खरं होतं.

संध्याकाळी तिने लिन आजींच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. आजींनी नाणं डोळ्यांशी धरलं.

"आजोबांच्या हातचा काळेपणा होता तो," त्या म्हणाल्या. मग नाणं उलटंपालटं करत, "पुन्हा कधी येईल?"

"पन्नासेक वर्षांनी."

"बरं. नातू बघेल."

त्यांनी लाल पाकीट पुढे केलं, तशी नीलांबरी दाराकडे सरकली. "नको, आजी. मला पैसे घेता येत नाहीत." आजींना वाटलं, लाजतेय. त्यांनी संत्र्यांची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं.

पिशवी दोन दिवस ओट्यावर तशीच होती. तिसऱ्या दिवशी परीक्षितने एक सोलायला घेतलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी वकिलाला विचार ना."

"संत्र्याचं?" तो हसला. ती हसली नाही.

"नाणं मी तपासलं आणि संत्री घेतली. ते काम धरतात का रे?"